सातवं ठिकाण

अठ्ठ्याण्णव सालचं गाळप संपलं आणि शेवगावकडच्या एका साखर कारखान्यात वाफेच्या लाईनला कुठे गंज धरलाय ते बघायला पुण्याहून प्रज्ञा मॅडम नवं मशीन घेऊन आल्या. पाइपाला एका जागी पट्टा आवळायचा, आवाजाच्या लहरी सोडायच्या, की पुढचे तीस मीटर पडद्यावर दिसतात. पाइपावरच्या आवरणाचा पत्रा उचकटायची गरजच नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा फिटर भिमाजीनं पाइपाकडे चोरून बघितलं.

पडद्यावर सात सुळके उभे राहिले, म्हणजे पाइपावर सात ठिकाणी काहीतरी होतं.

मॅडमनी एकेका ठिकाणचा पत्रा काढायला लावला. पहिल्या ठिकाणी पाइपाला वेल्डिंगनं डकवलेला हूक निघाला. दुसऱ्या ठिकाणीही हूक. सहाव्यापर्यंत हूकच.

"आमी पाळीला सहा मानसं, सायेब," भिमाजीनं मान खाली घालून कबूल केलं. "पत्रा सरकवून डबा अडकवला की भाकर गरम ऱ्हाती."

शेजारी उभे असलेले कारखान्याचे चीफ इंजिनिअर साहेब कडाडले, "डब्यासाठी वाफेच्या लाईनला वेल्डिंग? फुटली असती म्हणजे? सहाही जणांना घरी बसवतो!" मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "मॅडम, सातवं राहू द्या. मशीन नवं आहे, चुकत असेल."

"सातवा सुळका तर सगळ्यात मोठा आहे."

साहेब छताकडे बघू लागले. भिमाजीनं पाना उचलला आणि अदबीनं म्हणाला, "मोठा असनारच, मॅडम. सायेबांचा डबा चार पुडाचा हाय."