बी गळण्याआधी

सुज्ञ वाचकहो, माळावरचे गवत आणि त्याच्या आश्रयाने जगणारी हरणे राखण्याचा वसा घेतलेल्या एका पित्याची करुण कथा मी आपल्या सेवेशी मोजून शंभर शब्दांत नम्रपणे निवेदन करीत आहे.

दसरा उलटला आणि ऊसतोडीच्या बैलगाड्या गावातून निघू लागल्या. निवृत्तीने चार वर्षे राखलेले गायरानाचे गवत कमरेला लागले होते. तेथे काळविटांचा कळप पुन्हा नांदू लागला होता. बी गळून जमिनीत पडल्याशिवाय विळा लावायचा नाही, हा नियम ग्रामसभेत त्यानेच करून घेतला होता. त्याचा मुलगा नवनाथ गाडी थांबवून म्हणाला, “आबा, एकच भारा कापू द्या. बैलं काय उपाशी नेऊ?” “बी गळलं न्हाई अजून. आता कापलं तर माळ बोडका व्हईल.” “हरणांचं लई सुचतंय तुमाला! मंग म्हातारपणी पाणी त्यांच्याच हातचं प्या.” गाडी गेली. पंधरवड्याने बी गळाले. नियमाप्रमाणे निवृत्तीने गावभर दवंडी दिली, “विळे घ्या, गवत न्या!” परंतु बैलवाले केव्हाच कारखान्यावर पोहोचले होते, दवंडी ऐकण्यास दारांवरची कुलपे तेवढी हजर होती.

शंभर शब्द येथे पूर्ण झाले. गवत राखावेच, परंतु कापणीचा दिवस ठरविताना ऊसतोडीला जाणाऱ्यांनाही विचारावे, एवढी कळकळीची विनंती. आपण मन लावून वाचलेत, याबद्दल मी, परमेश्वर गोंडे, मुक्काम तेलगाव, आपला ऋणी आहे.