गाव ठरेपर्यंत

ऋतुजाने बारावीची परीक्षा दिली ते दोन हजार चोवीसचं वर्ष. मे महिन्यातला दुसरा रविवार होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि टिमकी मोहल्ल्यातल्या त्या घरात कूलर घरघरत होता. मधुसूदनने मोबाइलमधली चित्रं टीव्हीवर आणली होती. लेकीला परदेश दाखवायचा, सोबत म्हाताऱ्या आईबापालाही न्यायचं, एवढं पक्कं झालं होतं. गाव तेवढं ठरत नव्हतं.

"हे पाहा बाबा, नॉर्वेचं रेने. समुद्राच्या काठानं लाल लाल घरं. जूनमध्ये तिथं सूर्य बुडतच नाही."

"मंग झोपाचं कधी गा?" जागेश्वरने विचारलं. सगळे हसले.

"आबा, तुम्ही गिमेलवाल्ड म्हणा ना," ऋतुजा म्हणाली. "स्वित्झर्लंड! पहाडावर आहे, मोटार जातच नाही, रोपवेनं जा लागते. पूर्ण गावात शंभरक लोकं."

काजल लेकीच्या बाजूने होती, जागेश्वर लेकाच्या. राहिली चंद्रकला. ती खाली पाय पसरून चिंचा फोडत बसली होती.

"आजी, आता तुझ्यावर आहे. तू म्हणशीन ते फायनल."

चंद्रकलाने टीव्हीकडे पाहिलं. "या गावात कोण राहते आपलं?"

"कोणीच नाही वं आई," मधुसूदन म्हणाला. "तेच तं मजा आहे."

"मंग मले खाप्याले कधी नेशीन?"

खाप्याला तिची थोरली बहीण कौशल्या दिवाळीपासून लकव्याने पडून होती. गाडीने तासाभराची वाट. पण आधी गाडीचं काम निघालं, मग काजलच्या भावाचं लग्न आलं, मग ऋतुजाची परीक्षा. गुडघ्यांचं कारण सांगून चंद्रकलाला एकटीने एसटीतही बसू देत नव्हते.

"आई, परवाच तं व्हिडिओ कॉल लावून देल्ला ना."

"तिले फोनमधलं माणूस वळखू येत नाही. ती छताकडं पाहून राहिली होती अन् मी इकडून बोंबलून राहिली होती. तुम्ही म्हणता भेट झाली!"

"बरं बाप्पा. तिकडून आलो का पहिलं काम खापा. पक्कं."

जागेश्वर गालात हसला. चंद्रकलाचा हात थांबला.

हेच बोलणं तिने याच खोलीत ऐकलं होतं. आता सोफा आहे तिथे तेव्हा जागेश्वरचा हातमाग होता. बायकोने माहेरचं नाव काढलं की तो म्हणे, हातचा ताणा उतरू दे. कोष्ट्याच्या घरात ताणा, म्हणजे मागावरची उभी सुतं, पुरता कधी उतरतच नाही. जुना सरत आला की त्याच्या उरल्या सुतांना नव्या ताण्याची सुतं एकेक करून पिळायची, आणि माग तसाच पुढे चालू. ते पिळायचं काम चंद्रकलाचंच. तिची माय अखेरच्या घटका मोजत होती तेव्हाही ती सुतंच पिळत होती. खाप्याला पोचली तेव्हा माणसं स्मशानातून परत आली होती.

तिने चिंचेची परात पायाने लोटली. चिंचोके थेट टीव्हीखाली गेले.

"बापाचं तोंड घेऊन जन्मला रे तू! हे झालं का ते, ते झालं का हे." मग ती नवऱ्याकडे वळली. "अन् तुम्ही काहून हसून राहिले होते जी? माय मेली तवा तुमचा ताणा होता. आता तं माग विकून खाल्ला. आता कशासाठी थांबू?"

"अवं, पोरीसमोर तरी..."

"पोरीसमोरच! तिलेबी मालूम पडू द्या."

"आजी, चिडू नको ना," ऋतुजा रडवेली झाली. "तू फक्त एक नाव सांग."

"खापा. लिहून घे. माझं वोट खाप्याले."

ती भिंतीला धरून उठली. आतून दोन लुगडी पिशवीत कोंबून आली.

"आई, पंचेचाळीस डिग्री आहे बाहेर. संध्याकाळी पाहू."

"पाहत बस."

जागेश्वर चपला शोधू लागला. "थांब, मीबी येतो."

"तुम्ही कायले येता? बसा. गाव ठरवा."

दार तिने असं आपटलं की कडी मागून बराच वेळ हलत राहिली. कोपऱ्यावरून परत येईल, असं सगळ्यांना वाटलं. तिने ऑटो केला, गणेशपेठच्या स्टँडवर एसटी धरली आणि ऊन कलायच्या आत खाप्याला पोचली.

दिवाळीपासून ज्या गाडीला सवड नव्हती ती त्या आठवड्यात दोनदा खाप्याला आली. दोन्ही वेळा चंद्रकलाने मधुसूदनला चहासुद्धा न विचारता दारातूनच परत पाठवलं.

कौशल्या सतरा मे दोन हजार चोवीसला, शुक्रवारी पहाटे, खाप्याच्या राहत्या घरी, चंद्रकला उशाशी असताना वारली.