सतरावं वाक्य

"कोट उतरवून ठेवा ना, बाई. ही काय खुंटी," रोसविथा दारातच म्हणाली. आल्यागेल्याला म्हणतातच तसं. टीडेमानबाईंनी कोट खुंटीला अडकवला आणि पिशवीतली बारा पानांची पुस्तिका आणि कृत्रिम पायाचे काही सुटे भाग घेऊन त्या थेट स्वयंपाकघरात रोसविथाच्या नवऱ्यासमोर, एकहार्टसमोर, जाऊन बसल्या.

पुस्तिका त्या पायाबरोबर मिळणारी. मूळ इंग्रजी, आणि जर्मन टीडेमानबाईंनी केलेलं, अजून पेन्सिलीतच. दुसरा कुणी भाषांतरकार असता तर घरबसल्या एका दुपारात मोकळा झाला असता. बाईंचं तसं नव्हतं. वस्तू वापरणाऱ्याच्या घरी जायचं, एकेक वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि त्यानं ऐकलं तेवढंच करायचं. हात अडखळला की चूक शब्दाची, हाताची नव्हे. एवढ्यासाठी एकाहत्तराव्या वर्षी दोन गाड्या बदलून त्या गोस्लारला आल्या होत्या. खूळ म्हणा हवं तर. असं खूळ असलेली माणसं आता शोधून सापडत नाहीत.

एकहार्टनं चाळीस वर्षं छपरांवर कौलं बसवली. जूनमध्ये शिडीवरून पडला आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. नवा पाय मिळून आता नऊ दिवस झाले होते, आणि नऊही रात्री तो पायातच ठेवून झोपला होता. सकाळी नर्स मलमपट्टीपुरता तो सोडवी. तिची पाठ वळली की हा पुन्हा चढवी. आतली कातडी सोलवटून निघाली होती. "असंच चाललं तर आणखी वर कापावं लागेल," नर्स कालच बजावून गेली होती. तेव्हापासून रोसविथाला घास गोड लागत नव्हता.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. इंग्रजीत सतरा ठिकाणी एकच शब्द होता, रिमूव्ह. लेबल असो, डाग असो, नाहीतर मोजा. एकाच सुरीनं पाव कापायचा, मासा साफ करायचा आणि पेन्सिलीला टोकही करायचं, त्यातला प्रकार. बाईंनी मात्र ज्या त्या कामाला त्याचा त्याचा शब्द दिला होता.

"लेबल सोलून घ्या."

एकहार्टनं टेबलावरच्या सुट्या भागावरचं लेबल सोललं.

"बुटातले खडे झटकून टाका."

त्यानं बूट उलटा करून झटकला.

"खीळ घट्ट बसली असेल तर उचकटू नका. बटण दाबून मोकळी करा."

पाय जागेवर धरून ठेवणाऱ्या त्या सुट्या खिळीवर त्याचं बोट आपोआप बटणावर गेलं. तो हसला. "बाई, तुम्ही छपरावर काम केलंय की काय?"

"नाही. पण कार्यालयात ही खीळ एकदा उचकटून पाहिली. नख गेलं."

सोळा वाक्यं झाली. सोळाही वेळा त्याचा हात पाण्यासारखा चालला. बाईंनी पान उलटलं.

"झोपण्यापूर्वी पाय काढून टाका."

एकहार्टचा हात मांडीवरच राहिला. रोसविथा आलूबुखाऱ्याचा केक कापत होती, तिची सुरी थांबली.

"ऐकू नाही आलं का?" बाईंनी विचारलं.

"आलं की. हॉस्पिटलच्या कागदावर हेच लिहिलं होतं. उजवा पाय काढून टाकला. एकदा टाकून झालाय, बाई. आता रोज रात्री टाकू?"

"अरे, शब्दच आहे तो नुसता," रोसविथा म्हणाली.

"नुसता नाही," टीडेमानबाई म्हणाल्या. "चूक माझी आहे." त्यांनी रबरानं शब्द खोडला. "सोडवा, म्हटलं तर?"

"सोडवायला तो काय अडकलाय?"

"वेगळा करा?"

"मी काय यंत्र आहे का?"

बाईंना राग आला नाही, त्यांनी समजूतही घातली नाही. त्या पेन्सिल ओठांना लावून बसून राहिल्या. उघड्या दारातून घरात शिरतानाचा बोळ आणि खुंटीवरचा कोट दिसत होता. बराच वेळ त्या तिकडेच पाहत होत्या.

"रोसविथा, मी आले तेव्हा तुम्ही मला काय म्हणालात?"

"मी? काही नाही. कोट उतरवून ठेवा म्हटलं."

"टाकून द्या नाही म्हणालात."

"अहो, टाकून कशाला द्याल? जाताना घालाल ना परत. तुमचाच आहे."

बाई लिहायलाही लागल्या होत्या. मग चष्मा सारखा करून त्यांनी वाचलं, "झोपण्यापूर्वी पाय उतरवून ठेवा. सकाळी हाताशी येईल असा."

एकहार्ट खिडकीबाहेर पाहत राहिला. मग खाली वाकून त्यानं विजार गुडघ्यापर्यंत सारली आणि बटण दाबलं. खट्ट आवाज झाला. पाय हातात घेऊन तो क्षणभर तसाच बसला.

"झोपायला अजून अवकाश आहे," तो जरा ओशाळून म्हणाला. "आत्ता, चार वाजताच उतरवला तर चालतं का?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मग लिहा की."

बाईंनी खरंच लिहिलं. रोसविथानं डोळे पुसले, हात पुसले आणि पाय दोन्ही हातांनी उचलून घेतला. बोळात नेऊन खुंटीखाली, बाईंच्या कोटाशेजारी, तिनं तो भिंतीला टेकवून उभा केला. पावलावरचा लोकरी मोजा नीट घडी करून ठेवावा म्हणून ती वाकली.

"मोजा राहू दे गं," आतून एकहार्ट म्हणाला. "फरशी गार आहे तिथली."