नकोसा वास

"ज्या वासावर पाणी सोडायची तयारी असेल तोच निवडा," रुग्णांना सुगंधी तेलं हुंगायला देणारी लिओटा म्हणाली. "केमोच्या मळमळीत हुंगलेला वास पुढे जन्मभर नकोसा होतो. आवडता वास इथे आणायचाच नाही."

हॅलिफॅक्सच्या त्या इस्पितळात अत्तर लावून येणाऱ्याला दारातूनच परत पाठवत. लिओटाच्या नळ्यांना तेवढी सूट होती. बोटाएवढी नळी, आत तेलात भिजवलेला कापूस. ज्याची त्याने हुंगायची. तेलाने कॅन्सर बरा होत नाही, हे ती आधीच सांगून टाकी. पोटातली ढवळ जरा कमी झाली तरी पुष्कळ.

एनिडला तेवढंच हवं होतं. पहिल्या केमोनंतर ती इतकी ओकली की उपचारच सोडायला निघाली होती.

आलं, संत्रं, लव्हेंडर बाजूला सारून तिने पेपरमिंट उचललं.

"अगं, तो तर माझा वास!" शेजारी बसलेला गार्नेट कळवळला. सारा जन्म समुद्रात लॉबस्टर पकडण्यात गेलेल्या या नवऱ्याच्या तोंडात पेपरमिंटची गोळी कायम असायची. "माझाच कंटाळा आला होय तुला?"

"जन्मभर हुंगला की. पुरे झालं."

लिओटालाही ते बरं वाटलं नाही. "एनिडताई, मग घरी यांना जवळ कसं बसू द्याल?"

"बसेल तो लांब."

गार्नेट खोकत उठला. "गाडी बघून येतो," म्हणाला. प्रत्येक केमोला तो असाच मधे उठे, कडाक्याच्या थंडीत कोट गाडीतच टाकून कुडकुडत परत येई आणि नवी गोळी चघळत बायकोचा हात धरून बसे. रुसला होता, पण हात काही त्याने सोडला नाही.

नळीने काम केलं. मळमळ गेली नाही, सोसण्याजोगी झाली. एनिडने एकही केमो चुकवला नाही. बर्फ वितळता वितळता डॉक्टर म्हणाले, "आता नुसतं तपासायला या." एनिडने उपचार संपल्याची वॉर्डातली घंटा वाजवली आणि रडली मात्र लिओटा.

गाडीत बसताना गार्नेटने सवयीने गोळी तोंडात टाकली. एनिडने झटकन नाकाला रुमाल लावला आणि काच खाली केली.

गार्नेटचा चेहरा उतरला. मग त्याने गोळी थुंकली आणि तो उतरून अख्खी डबी कचऱ्यात टाकून आला. "तुझ्यापुढे गोळीची काय मातब्बरी! पुन्हा तोंडात घालणार नाही."

"शपथ?"

"तुझी शपथ."

"मग मागच्या सीटवरच्या कोटातलं सिगारेटचं पाकीटही टाकून ये, म्हाताऱ्या. मी एकटीने बरं होऊन काय करू?" एनिड रुमालाआडून हसत म्हणाली. "आता वास कशाने लपवणार आहेस?"