तीनदा ऐकलेलं नाव

ग्रेगरने तबस्सुमच्या जेवणाच्या टेबलावर आपली वंशावळ पसरली. कागद एवढा लांब, की एक टोक टेबलाखाली लोंबत राहिलं. सात पिढ्यांची स्कॉटिश माणसं, प्रत्येकाला चौकट, चौकटीत नाव, जन्म, मरण, धंदा. एका मेंढपाळाच्या चौकटीत तर त्याच्या कुत्र्याचंही नाव होतं. ग्रेगरच्या आजोबांच्या उजवीकडे आजी होती, नावाखाली ठळक अक्षरांत ‘पत्नी’. डावीकडे आणखी एक चौकट होती. तिच्यात एवढंच छापलेलं: ‘स्थानिक स्त्री, भारत’.

“ही,” डावीकडे बोट ठेवून तो इंग्रजीत म्हणाला. “हिच्या नावासाठी मी थुवालहून आलोय.”

कुत्र्याला नाव, आणि बाई ‘स्थानिक’. आईला मराठीत सांगताना तबस्सुमने तेवढा शब्द गाळून टाकला.

हा उद्योग तबस्सुमचाच. इथे रियाधच्या एका लॅबमध्ये कामाला लागल्यावर मैत्रिणींच्या नादाने ती नळीत थुंकली, नळी डीएनए तपासायला परदेशी गेली, आणि वर्षभराने या माणसाचा मेसेज आला, की आपण नातेवाईक लागतो. याच देशातल्या थुवालच्या विद्यापीठात शिकवणारा, साठी उलटलेला, घाऱ्या डोळ्यांचा. डोळे थेट तबस्सुमच्या आईसारखे, हफीजासारखे. हफीजाची नानी, तिच्या आईची आई, हीच त्या डावीकडच्या चौकटीतली बाई. व्हिजिट व्हिसावर लेकीकडे आलेल्या हफीजाने सकाळपासून तोंड फुगवून का होईना, त्याच्यासाठी सांदणं वाफवली होती. राग रागाच्या जागी, पाहुणा पाहुण्याच्या जागी.

ग्रेगर आजोबांबद्दल भरभरून बोलत सुटला. खाडीवर धक्का बांधायला ते कोकणात गेले, काम संपल्यावर परतले. मग आपल्या गावासाठी काय नाही केलं त्यांनी! वाचनालय काढलं. पोरांना फुटबॉलचं मैदान मिळवून दिलं. दर हिवाळ्यात गावातल्या विधवांच्या दारात कोळशाची पोती स्वतःच्या पाठीवरून नेऊन टाकली. येत्या ऑगस्टमध्ये त्यांच्या नावाची पाटी लागणार होती, सगळं गोत जमणार होतं. तोवर एकही चौकट रिकामी राहू नये, अशी त्याची मनापासून इच्छा होती.

“विधवांना कोळसा?” हफीजाने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “कवा मेला तो, इचार.”

तबस्सुमने विचारलं, आजोबा केव्हा गेले?

“एकसष्ट साली. सगळं गाव बर्फातून चालत आलं होतं.”

हफीजा उठली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच वळली.

“एकसष्ट! मी तवा साळंत जायला लागलेली. म्हंजे मना आठवते तवापासून नानी विधवा होती, आनि तिला ठाव नव्हता. हिरव्या बांगड्या भरून बसायची. गाव हसायचा, म्हातारीचा गोरा आगबोटीतून येतोय म्हनून. त्याच गावाची बाळंतपना तिनं केलीन, मेल्या बायांना आंघोळी घातलीन. तिला आंघोळ घातली मी. त्या बांगड्या माज्या हातानं फोडल्या. आनि हा तिकडं विधवांना कोळसा वाटत होता! नानीला विधवासुद्धा होऊ दिलान नाय!”

“अम्मी म्हणते,” तबस्सुम ग्रेगरकडे वळली, “नानी फार परोपकारी होती. गावातली बाळंतपणं करायची.”

“वंडरफुल!” ग्रेगरने ते लगेच लिहून घेतलं. “दोघंही सारखेच की! आजोबांचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. तरुण वय, परका मुलूख, व्हायच्या त्या गोष्टी होतात. आम्ही कुणालाच दोष देत नाही.”

तबस्सुमच्या कानांतून वाफा निघाल्या. दोष देत नाही म्हणे! उपकारच झाले.

“काय बोलला?” हफीजाने विचारलं.

“त्यांचं लगीन झालेलं नव्हतं म्हणतो.”

हफीजा तरातरा टेबलापाशी आली.

“लगीन नव्हता? अख्ख्या जमातीसमोर कलमा पढलान, मुसलमान झाला. खजूर वाटलान. काझीनं नानीचा नाव घेतलान, तिच्या बापाचा घेतलान. एकदा नाय, तीनदा. तीनदा ऐकून तीनदा तो बोलला, कबूल! आनि घरी जाऊन एकदा कागदावर लिवलान नाय. आता मी कशाला सांगू? तेला ठाव होता नाव. तेलाच इचार म्हनावा!”

या वेळी तबस्सुमने एकही शब्द गाळला नाही.

ग्रेगरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग आवाज खाली आणून तबस्सुमला म्हणाला, “पण ते नाव तुला ठाऊक आहे ना? तुझ्या आईच्या मागे ते नाहीसंच होईल. तू लिही.” त्याने पेन पुढे केलं.

तबस्सुमला ठाऊक होतं. दर शबे-बरातला, गेलेल्यांच्या नावाने पढायच्या फातिहाच्या वेळी, लहानपणापासून ती ते ऐकत आली होती. ग्रेगरचं म्हणणं खोटंही नव्हतं. हे नाव कुठेतरी छापलं जावं म्हणून तर तिने त्याला घरी बोलावलं होतं.

तिने पेन घेतलं. हफीजा बघत होती.

तबस्सुमने नानीच्या चौकटीला हातसुद्धा लावला नाही. ती उजवीकडे वाकली. ग्रेगरच्या आजीच्या नावाखाली ‘पत्नी’ छापलेलं होतं, त्याच्या आधी तिने ‘दुसरी’ असं लिहिलं, आणि टोपण लावून पेन त्याला परत दिलं.