रेषेवरचा चेंडू

कॉलेजच्या टेनिसमध्ये आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे खेळाडूनंच सांगायचं असतं. फायनलच्या शेवटच्या पॉइंटला मारिबेलचा चेंडू चक्क रेषेवर, म्हणजे आतच पडला, आणि समोरची ब्रिन बेधडक ओरडली, "आऊट!"

त्या एका शब्दावर ती चॅम्पियन झाली, व्यावसायिक झाली, देशोदेशी खेळली. पण कोर्ट कुठलंही असो, सर्व्हिसला हात उचलला की तोच चेंडू तिच्या डोळ्यांसमोर त्याच रेषेवर टप्पकन पडायचा. सहा वर्षं!

शेवटी सगळं कबूल करून टाकायला ती फ्रेस्नोला गेली. मारिबेल तिथे लहान मुलींना टेनिस शिकवत होती.

"अगं बाई, चॅम्पियन! वाट चुकलीस की काय?" मारिबेलनं तिला कडकडून मिठी मारली.

"मारिबेल, तो शेवटचा चेंडू..."

"थांब, तेच सांगायचंय यांना! ए पोरींनो, इकडे या गं सगळ्या!"



"माझे डोळे सांगत होते चेंडू आत आहे, पण ही बाहेर म्हणाली, म्हणून मी डोळ्यांवर नाही, हिच्यावर विश्वास ठेवला; खेळावं तर असं प्रामाणिक, हिच्यासारखं!"