मुकादम गेल्यावर

"लहान मूल घरात असताना कुत्रं ठेवू नकोस," आई म्हणाली होती. "एक दिवस रडत माझ्याकडे येशील."

तिने ते हसण्यावारी नेलं होतं. मुलगी तेव्हा पोटात होती, आणि कुत्रं तर तिच्या लग्नाच्याही आधीपासून या घरात होतं. तपकिरी, मोठ्या कानांचं, घरात कुणीही शिरलं की आधी त्याची पिशवी तपासणारं. सासऱ्यांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं.

आता मुकादमाला जाऊन पाच दिवस झाले होते, आणि रडण्याचं काम ती बाथरूममध्ये नळ सोडून उरकत होती. बाहेर ठकी असायची ना. तीन वर्षांच्या मुलीला काय सांगायचं, ते अजून ठरलं नव्हतं. ठकी रोज पलंगाखाली वाकून बघायची आणि म्हणायची, "लपलाय. त्याला सापडायचंच नाहीये."

तिचा स्वभाव आधीच काळजीखोर. खिडक्यांना जाळ्या, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, सासऱ्यांच्या गोळ्यांचा डबा कपाटावर, तोही कुलपात. सकाळ-संध्याकाळ ती स्वतः गोळी काढून त्यांच्या चहाच्या बशीत ठेवायची, आणि बशी रिकामी झालेली बघूनच घराबाहेर पडायची. नवरा चिडवायचा, "तू असताना या घरात मुंगीलाही ठेच लागायची नाही."

आणि तरी मुकादम तिच्या डोळ्यांदेखत गेला. दोन-तीन आठवडे नुसता पडून राहायचा. मग खाणं सोडलं. मग चालताना मागचे पाय फाकायला लागले. शेवटी दवाखान्याच्या थंड टेबलावर, तिच्या तळहातावर हनुवटी टेकून, तिच्याकडेच बघत.

"चौदा वर्षं जगला, वय झालं होतं," सगळे म्हणाले. तिला पटलं नाही. तिने रक्त तपासायला लावलं.

तिचा संशय वरच्या मजल्यावरच्या शिंप्यावर होता. कुत्रं भुंकलं की माझी शिवण वाकडी जाते, असं तो येताजाता ऐकवायचा. मुकादम गेल्याचं कळल्यावर जिन्यात थांबून म्हणाला होता, "चला, आता तुमचीही झोप होईल." तेव्हापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

सासऱ्यांकडे मात्र बघवत नव्हतं. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून म्हातारा माणूस आणि म्हातारं कुत्रं बरोबरीने जिना चढायचे, प्रत्येक वळणावर थांबून. "आमची दोघांची इंजिनं एकाच कारखान्यातली," ते म्हणायचे. आता ते एकटेच थांबायचे आणि पायाशी बघायचे. ती लायब्ररीत कामाला गेली की ठकी त्यांच्यापाशी असायची. तेवढाच त्यांचा जीव रमतो, असं तिला वाटायचं.

त्या दिवशी दुपारी लायब्ररीतून निघून ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला.

"तुमच्या घरी हृदयाचं औषध कुणी घेतं का?"

"सासरे घेतात. का?"

"ठोके मंद करणारं औषध सापडलंय रक्तात. माणसांचं. एकदा चुकून पडलेली गोळी गिळली असंही वाटत नाही. बरेच दिवस जात असणार."

"शक्य नाही. डब्याची किल्ली माझ्या पर्समध्ये असते."

आत कुठलं तरी पिल्लू केकाटत होतं. तिला शिंप्याची बायको आठवली. तीही कसल्याशा गोळ्या घ्यायची. तिथेच बाकावर बसून तिने घरी फोन लावला.

"बाबा, एक विचारू? मुकादमाला बाहेरचं कुणी काही खायला घालायचं का? वरचे शिंपी वगैरे?"

"छे गं. तो बोलतो तेवढंच. उलट मला चोरून हाडं आणून द्यायचा त्याच्यासाठी. तुला सांगू नका म्हणायचा, तू ओरडशील म्हणून."

"मग तुमची गोळी त्याच्या पोटात कशी गेली?"

पलीकडे त्यांनी घसा खाकरला.

"रागावणार नसशील तर सांगतो."

"नाही रागावत."

"जिना चढताना त्याला धाप लागायची. हुबेहूब माझ्यासारखी. म्हटलं, ज्या गोळीने मला उतार पडला तिने त्याला का पडू नये? आधी माझ्यातली अर्धी द्यायचो. मग पुरी द्यायला लागलो. माझं काय, एखाद्या दिवशी नाही घेतली तर बिघडतंय थोडंच."

तिने डोळे मिटून घेतले. ओरडावंसं वाटलं, पण त्या आवाजावर ओरडता येईना. शिंप्याला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या आठवल्या. हा कागद फाडून टाकायचा आणि घरात कुणाला कळू द्यायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. नवऱ्यालाही नाही.

"बाबा, तुमचा काही दोष नाही. त्याचं वयच झालं होतं."

"दोष आहे गं. फार उशिरा सुरू केली मी. धाप दिसली त्याच दिवशी द्यायला हवी होती. तर आज असता."

"असं मनाला लावून घेऊ नका. जेवलात का?"

"जेवलो. ठकीलाही भरवलं."

"काय करतेय ती?"

"झोपलीय तासाभरापासून. इतकी गाढ की मगाशी कुशीवर वळवली तरी जाग नाही आली." आणि मग, पहिल्यांदाच इतक्या दिवसांनी, त्यांचा आवाज जरा हलका झाला. "सकाळी तिन्ही जिने पळत चढली, आणि वर येऊन अशी धापा टाकायला लागली, छाती नुसती भात्यासारखी. तू काळजी करू नकोस पोरी. या वेळी मी उशीर नाही केला."